तिशीनंतर डॉक्टरकीकडे वळताना: राहिलेले जीवशास्त्र कोठून पूर्ण करावे?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आठ-दहा वर्षे काढलेला अभियंता, बँकेतील अधिकारी किंवा संगणक क्षेत्रातील कर्मचारी जेव्हा वैद्यकीय शिक्षणाचा विचार करू लागतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, शिवाजी विद्यापीठाच्या कोणत्या महाविद्यालयात जीवशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी.ला प्रवेश घ्यावा. नातेवाईक आणि शेजारीपाजारीही तोच सल्ला देतात. मात्र भारतातील एमबीबीएस प्रवेशासाठी लागणारी विषयांची अट बारावीच्या स्तरावर तपासली जाते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय बारावीच्या पातळीवर उत्तीर्ण असावे लागतात. नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या, पात्रता नियमांत बी.एस्सी.चा उल्लेख आहे, परंतु त्या उमेदवाराने आधी बारावीला हेच विषय घेऊन उत्तीर्ण झालेले असावे, अशी अटही त्याच ओळीत जोडलेली आहे. त्यामुळे बारावीला जीवशास्त्र नसलेल्या व्यक्तीने प्राणिशास्त्रात प्रथम श्रेणीत पदवी मिळवली, तरी केवळ त्या पदवीच्या बळावर तिची अडचण सुटत नाही, आणि हे तीन वर्षांनी समजले तर ती तीन वर्षे वाया जातात. निवड करायची आहे ती परीक्षा मंडळाची आणि त्या मंडळाचा अर्ज ज्या संस्थेमार्फत जाईल त्या संस्थेची.

ही वाट आज खुली आहे ती दोन निर्णयांमुळे. नीटसाठीची वयाची कमाल मर्यादा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने मार्च २०२२ मध्ये काढून टाकली. तोपर्यंत ती खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षे होती. त्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने जाहीर सूचना काढून स्पष्ट केले की, बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर शासनमान्य मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणारा उमेदवारही नीटला बसू शकतो. त्यापूर्वी अकरावी-बारावीची दोन वर्षे हे विषय सलग आणि नियमितपणे शिकलेले असण्याचा आग्रह धरला जात असे. कोल्हापुरातील काही ज्येष्ठ प्राध्यापक आणि क्लासचालक आजही जुन्याच नियमाच्या आधारे विद्यार्थ्यांना परत पाठवतात. त्यात त्यांचा दोष फारसा नाही, कारण त्यांच्या सेवेतील बहुतेक काळ तोच नियम लागू होता. म्हणून या सूचनेची छापील प्रत स्वतःजवळ बाळगावी आणि नीटची माहितीपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचावी.

आपली गुणपत्रिका आधी वाचा

संस्था शोधण्यापूर्वी बारावीची गुणपत्रिका समोर घेऊन बसावे, कारण पुढचा मार्ग तिच्यावरच ठरतो. कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील अनेक अभियंत्यांनी अकरावीला इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचे बायफोकल (व्यावसायिक विषय) घेऊन जीवशास्त्र सोडून दिलेले असते. त्यांचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि इंग्रजी झालेले असल्यामुळे त्यांना केवळ एका विषयाची भर घालायची आहे. वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेल्यांना तिन्ही विज्ञान विषय करावे लागतील. तिसरा गट दहावीनंतर थेट पदविकेला गेलेल्यांचा आहे. गारगोटीच्या किंवा कोल्हापूरच्या तंत्रनिकेतनातून पदविका आणि नंतर थेट द्वितीय वर्षातून अभियांत्रिकी पदवी घेतलेल्या व्यक्तीकडे बारावी उत्तीर्ण असल्याचे प्रमाणपत्रच नसते. इतर नोकऱ्यांसाठी पदविका बारावीच्या बरोबरीची धरली जात असली, तरी येथे विषयांची अट आहे, म्हणून अशा उमेदवाराने इंग्रजीसह संपूर्ण बारावीच करण्याची तयारी ठेवावी.

यानंतर गुणांचा हिशेब करावा. खुल्या प्रवर्गासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्गासाठी ४० टक्के, तर खुल्या प्रवर्गातील दिव्यांग उमेदवारांसाठी ४५ टक्के गुण आवश्यक आहेत. समजा, एखाद्याला भौतिकशास्त्रात ४१ आणि रसायनशास्त्रात ४८ गुण आहेत. तिन्ही विषयांची बेरीज १५० व्हायची असेल, तर जीवशास्त्रात किमान ६१ गुण मिळवावे लागतील. ३५ गुणांनी तो विषय सुटेल, पण पात्रता मिळणार नाही. अभियांत्रिकीच्या पदवीतील उत्तम गुण येथे मदतीला येत नाहीत. राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना लगतच्या मोजक्याच परीक्षांपुरती असल्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्याने तिच्यावर विसंबू नये.

राज्य मंडळ की मुक्त विद्यालय

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या अर्जात नियमित, पुनर्परीक्षार्थी आणि श्रेणीसुधार या प्रकारांबरोबर ‘तुरळक विषय घेऊन प्रविष्ठ होणारे विद्यार्थी’ असा एक प्रकार असतो. महाविद्यालयांच्या कार्यालयांत त्यालाच ‘आयसोलेटेड’ म्हणतात आणि खिडकीवर हाच शब्द वापरला तर काम लवकर होते. एका विषयाची भर घालणाऱ्या कोल्हापूरच्या उमेदवारासाठी माझ्या मते हाच मार्ग पहिल्या पसंतीचा आहे. मंडळ तेच राहते, विभागीय मंडळ कोल्हापुरातच आहे, आणि पुढे राज्य कोट्याच्या प्रवेशात कागदपत्रे तपासणाऱ्यासमोर एकाच मंडळाच्या दोन गुणपत्रिका ठेवता येतात. लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते.

अडचण आहे ती कनिष्ठ महाविद्यालयाची. अर्ज महाविद्यालयामार्फतच जातो, आणि एका प्रौढ उमेदवारासाठी प्रयोगशाळेत जागा, साहित्य आणि वेळ देण्याचा उत्साह प्रत्येक ठिकाणी असतोच असे नाही. म्हणून येथे महाविद्यालयाच्या नावलौकिकाला फारसे महत्त्व देऊ नये. राजाराम, विवेकानंद किंवा न्यू कॉलेजचे नाव गुणपत्रिकेवर असावे ही इच्छा स्वाभाविक आहे, पण नीटच्या गुणवत्ता यादीत त्या नावाला एकही गुण नाही. शहरापासून दूर असलेल्या एखाद्या लहान कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राचे शिक्षक आस्थेने प्रयोग करून घेत असतील, तर तेच निवडावे. चौकशीची सुरुवात मात्र ज्या महाविद्यालयातून आपण बारावी केली तेथून करावी, कारण जनरल रजिस्टरमधील आपली जुनी नोंद तेथेच असते आणि प्राचार्यांना नकार देणे थोडे अवघड जाते.

दुसरा पर्याय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा आहे. उच्च माध्यमिक स्तरावर जीवशास्त्राचा विषय क्रमांक ३१४, रसायनशास्त्राचा ३१३ आणि भौतिकशास्त्राचा ३१२ आहे. बारावी झालेल्यांना संपूर्ण अभ्यासक्रम न घेता निवडक विषयांपुरता प्रवेश घेता येतो. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याला आणि तिन्ही विज्ञान विषय नव्याने करणाऱ्या वाणिज्य पदवीधराला हा मार्ग सोयीचा पडतो, कारण रोजच्या हजेरीचा प्रश्न येत नाही. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना नीटसाठी अपात्र ठरवणारी जुनी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली होती आणि आयोगाच्या नव्या नियमांनंतर हा वाद संपला आहे. तरीही प्रवेश घेताना अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातीलच निवडावे. राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असण्याची अट आहे; कोणी दुसऱ्या राज्यातील केंद्र ‘सोपे’ म्हणून सुचवले, तर त्या सोपेपणापायी राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांवरील हक्क धोक्यात येऊ शकतो. निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव परिसरात शिकलेल्या मराठी भाषक उमेदवारांनी सीमाभागासाठी असलेली वेगळी तरतूद माहितीपुस्तिकेत स्वतंत्रपणे पाहावी.

तिसरा पर्याय म्हणजे अकरावीला पुन्हा नियमित प्रवेश घेणे. दोन वर्षे मोकळी असतील तरच त्याचा विचार करावा. एका विषयासाठी तो अवाजवी आहे.

प्रयोगशाळा पाहिल्याशिवाय अर्ज भरू नये

संस्थेची पारख करण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे तिची जीवशास्त्राची प्रयोगशाळा होय. काही ठिकाणी प्रात्यक्षिके कागदावरच होतात. तयार जर्नल उतरवून घेतले जाते, त्यावर सही होते आणि परीक्षेच्या दिवशी उमेदवार पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो. क्लासशी करार करून विद्यार्थ्यांना वर्षभर वर्गात येण्याची गरजच ठेवत नाहीत अशी कनिष्ठ महाविद्यालयेही आहेत, आणि नोकरदार उमेदवाराला अशी जागा प्रथमदर्शनी फार आकर्षक वाटते. परंतु ज्याने शालेय वयानंतर जीवशास्त्राला हातच लावलेला नाही, त्याला प्रयोगांची गरज इतरांपेक्षा अधिक असते.

कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीविभाजनाचे उदाहरण घेऊ. मुळाचे टोक सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून मऊ करायचे, ॲसिटोकार्मिनच्या थेंबात रंगू द्यायचे, वर कव्हरस्लिप ठेवून टोकाचा बारीक थर होईपर्यंत पेन्सिलच्या बोथट बाजूने हलकेच ठोकायचे आणि मग टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ दाबायचे. अंगठा जरासा सरकला तरी पेशी एकमेकींवर चढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी गोळ्याखेरीज काही दिसत नाही. व्यवस्थित जमले तर एका पेशीत गुणसूत्रे मध्यभागी रांगेत उभी, शेजारच्या पेशीत दोन टोकांकडे ओढली गेलेली, असे दृश्य एकाच क्षेत्रात दिसते, आणि मध्यावस्था कोणती व पश्चावस्था कोणती हे पुन्हा पाठ करावे लागत नाही. ज्या प्रयोगशाळेत हा प्रयोग खरोखर होतो, तेथे ॲसिटोकार्मिनची बाटली अर्धी रिकामी असते. ज्या प्रयोगशाळेत ती सीलबंद दिसते, तेथे जरा थांबून विचार करावा.

कार्यालयात बारावीचे टेबल सांभाळणाऱ्या लिपिकांना आणि नंतर विभागातील शिक्षकांना भेटून चार गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात: तुरळक विषयाचा अर्ज यापूर्वी येथून गेला आहे काय, प्रात्यक्षिकांसाठी कोणत्या तुकडीबरोबर आणि कोणत्या दिवशी बसू दिले जाईल, जर्नल कोण तपासून प्रमाणित करील, आणि शुल्काची पावती कोणत्या नावाने मिळेल. परीक्षेच्या चार-पाच महिने आधी अर्ज सुरू होतात, म्हणून ही फेरी जून-जुलैमध्येच करावी. दिवाळीनंतर गेल्यास ‘पुढच्या वर्षी या’ एवढेच ऐकायला मिळते. तोंडी होकारावर न थांबता प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा. त्याचा मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘महोदय, मी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातून विज्ञान शाखेची बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालो असून त्या वेळी मी जीवशास्त्र हा विषय घेतला नव्हता. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेनुसार हा विषय तुरळक विषय म्हणून उत्तीर्ण होण्याची माझी इच्छा आहे. तरी माझा परीक्षा अर्ज आपल्या महाविद्यालयामार्फत स्वीकारावा व शनिवारच्या तुकडीसोबत प्रात्यक्षिके करण्यास परवानगी द्यावी, ही विनंती. सोबत दहावी व बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रती आणि आयोगाच्या सूचनेची प्रत जोडली आहे.’

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नये. विभागात गेल्यावर शिक्षक आपल्यापेक्षा वयाने लहान असले तरी त्यांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणावे. प्रौढ विद्यार्थ्याविषयीचा त्यांचा संकोच त्याने बराच कमी होतो.

मंडळाची परीक्षा आणि नीट यांतील अंतर

तुरळक विषयाच्या परीक्षेला केवळ बारावीचा अभ्यासक्रम असतो, परंतु नीटमध्ये अकरावीचे जीवशास्त्रही तेवढ्याच तोलाचे असते. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे आणि प्रत्येकी ४५ भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे असतात. एकूण गुण ७२०, वेळ तीन तास, योग्य उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. त्यामुळे मंडळ कोणतेही निवडले तरी एनसीईआरटीची अकरावीची १९ आणि बारावीची १३ प्रकरणे स्वतःहून वाचावी लागतात. राज्य मंडळाची सुधारित पाठ्यपुस्तके बऱ्याच अंशी याच धर्तीची असल्याने तेथे दुहेरी श्रम कमी पडतात. मुक्त विद्यालयाच्या साहित्याची मांडणी वेगळी असल्याने थोडे जास्त पडतात. अभियंत्यांना भौतिकशास्त्राची भीती नसते, पण तीच मंडळी रसायनशास्त्रातील सेंद्रिय भागाला दचकतात, आणि त्यासाठी जवळच्या क्लासचा सायंकाळचा वर्ग घ्यावा लागला तर त्यात कमीपणा मानू नये. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते, मात्र भाषांतरात शंका आल्यास इंग्रजी प्रश्न अंतिम मानला जातो आणि एमबीबीएसची पाठ्यपुस्तकेही इंग्रजीतच असतात. म्हणून मराठी माध्यमातून आलेल्यांनीही संज्ञा दोन्ही भाषांत पक्क्या करून ठेवाव्यात.

मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि नीट मे महिन्यात, अशी दोन्ही एकाच वर्षी देता येते, कारण निकाल प्रवेशप्रक्रियेपूर्वी लागतो. नोकरी करणाऱ्याने मात्र पहिल्या वर्षी मंडळाची परीक्षा चांगल्या गुणांनी सोडवावी आणि त्या वर्षीची नीट सराव म्हणून द्यावी, असे मी सुचवीन. नीटच्या प्रयत्नांवर सध्या मर्यादा नाही.

सुरुवातीलाच पुढच्या वर्षांचाही हिशेब घालावा. वयाच्या ३१ व्या वर्षी जीवशास्त्र सुरू करून ३३ व्या वर्षी प्रवेश मिळाला, तर साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) धरून पदवी हातात येताना वय ३८ किंवा ३९ होईल. शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास त्यापुढे एक वर्षाच्या शासकीय सेवेचे बंधपत्र असते, आणि पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे वेगळी. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाशी संलग्न राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शेजारी मिरजेला १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कसबा बावड्यातील डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचे असल्याने तेथील प्रवेश केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत होतात. घर चालवणाऱ्या व्यक्तीला शासकीय आणि अभिमत यांच्या शुल्कातील तफावत पेलणारी आहे की नाही, हे जीवशास्त्राचा अर्ज भरण्यापूर्वीच घरातील माणसांसमोर मांडावे. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीलाही नीट आणि हेच विषय लागतात, त्यामुळे ही तयारी त्या बाजूनेही उपयोगी पडते.

परदेशाचा विचार असेल तर

रशिया, जॉर्जिया किंवा किर्गिझस्तानमध्ये एमबीबीएस करण्याची जाहिरात ‘जीवशास्त्र नसले तरी चालेल’ असे सुचवत असेल, तर तेथे पैसे भरू नयेत. भारतात परत येऊन व्यवसाय करायचा असल्यास नीट उत्तीर्ण असणे आवश्यक आहे आणि २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम व त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते.

अमेरिकेची पद्धत मुळातच निराळी आहे. तेथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते, आणि जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह महाविद्यालयीन स्तरावर पूर्ण केलेले असावे लागतात. व्यवसाय बदलणाऱ्यांसाठी ‘पोस्ट-बॅक’ नावाचे खास अभ्यासक्रम आहेत आणि त्यानंतर ४७२ ते ५२८ गुणांच्या श्रेणीतील एमसीएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ कोणते हा प्रश्न तेथे खरोखर महत्त्वाचा ठरतो, कारण बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये अमेरिकेत किंवा कॅनडात केलेल्या अभ्यासक्रमाची अपेक्षा ठेवतात आणि परदेशी नागरिकांना मोजक्याच ठिकाणी प्रवेश मिळतो. म्हणून तेथे स्थायिक झालेल्यांनीच हा मार्ग धरावा. कोल्हापुरात राहून त्यासाठी येथील बी.एस्सी. करण्यात अर्थ नाही.

राहिला प्रश्न कागदपत्रांचा आणि नोकरीचा. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर यांना वेळ लागतो, विशेषतः जात वैधतेला, त्यामुळे जीवशास्त्राचा अभ्यास सुरू करतानाच जात वैधतेसाठी जात पडताळणी समितीकडे आणि इतर दाखल्यांसाठी सेतू केंद्रात अर्ज टाकावेत. मधल्या वर्षांसाठी गॅपचे प्रतिज्ञापत्र आणि शेवटच्या महाविद्यालयाचा मूळ दाखला लागतो. अभियांत्रिकी महाविद्यालयातून तो अनेकांनी कधी उचललेलाच नसतो. नोकरीचा राजीनामा प्रवेशाच्या फेरीत प्रत्यक्ष जागा मिळेपर्यंत देऊ नये, पण कंपनीकडे मूळ प्रमाणपत्रे ठेवलेली असतील किंवा नोटीस कालावधी तीन महिन्यांचा असेल, तर त्याविषयी मे महिन्यापूर्वीच बोलून घ्यावे, कारण प्रवेशाच्या फेरीत जागा मिळाल्यावर हजर होण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात.